गाणं लागलं की मी बाहेर

४ फेब्रुवारी, मंगळवार

जुईली मॅडमनी वही ठेवायला सांगितली म्हणून ठेवतो आहे. "काकू दिवसभरात जे काही बोलतील ते लिहा, काका. किती वाजता, आणि तेव्हा काय चाललं होतं तेही." मॅडम मूळच्या पुण्याच्या. अकोल्याला त्यांचा दवाखाना आहे, ज्यांची वाचा गेली त्यांना बोलायला शिकवतात. आज पहिल्यांदा गेलो. शेजारच्या शफीच्या रिक्षाने बडनेऱ्यापर्यंत, पुढे रेल्वे. विमलला डब्यात मीच चढवलं.

छत्तीस वर्षं मी अमरावतीच्या कोर्टात स्टेनो होतो. लोकांचं बोलणं कागदावर उतरवणं हीच माझी भाकरी. पण बायकोचं आजचं बोलणं उतरवायला एक शब्द पुरतो. सकाळी सात, चहा गरम लागला: "बापा." साडेनऊ, चप्पल सापडेना: "बापा." गाडीत खिडकीची जागा मिळाली: "बापा." संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लाडवांचा डबा तिच्या हातातून सुटला, तोंड वाकडं झालं, आणि बारा दिवसांनी दवाखान्यातून परत आली ती, वऱ्हाडात उठता-बसता तोंडी येतो तो, हा एवढा एकच शब्द घेऊन.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. उजवा हात हळूहळू सुधारेल. समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. आणि आम्ही निघताना, पथ्याची भाजी सांगावी तसं म्हणाले, "पुन्हा झटका येऊ शकतो, लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवतो म्हणजे काय, तर घाबरतो. ती न्हाणीत गेली की दाराबाहेर उभा राहतो. तांब्याचा आवाज थांबला की कडी वाजवतो. मॅडमना शब्दांचा तक्ता वेगळा करून देईन, ही वही मात्र माझ्याजवळच राहील, म्हणून खरं ते लिहितो. मला भीती मरणाची नाही. दुसरा झटका येईल, ती मला काहीतरी सांगत असेल, "बापा, बापा" एवढंच ऐकू येईल, आणि ती काय सांगून गेली ते मला जन्मभर कळणार नाही, याची आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमची पद्धत अशी. विमलचा डावा हात आपल्या हातात घ्यायचा, बोटांनी त्यावर ठेका धरायचा, आणि साधं वाक्य दोन सुरांत, एक वरचा एक खालचा, गाऊन म्हणायचं. मग तिने आपल्याबरोबर म्हणायचं. बोलण्याची बाजू बिघडली तरी गाण्याची बाजू शाबूत असते म्हणे.

मी मॅडमना स्पष्ट सांगितलं, मला गाता येत नाही. त्या म्हणाल्या, "गायचं नाहीच आहे काका, सुरात बोलायचं आहे." यात फरक काय तो मला कळला नाही.

म्हणून मी माझ्या परीने सोय केली. चाळीस वाक्यं टाईप करून काढली, क्रमांक घालून, मोठ्या अक्षरांत. पाणी, जेवण, शौच, गोळी, पंखा, दिवा, झोप. माणसाला दिवसभरात लागेल ते सगळं त्यात आहे. वाक्य क्रमांक एक मी सावकाश, स्वच्छ वाचून दाखवलं: "मला पाणी हवे आहे." दहा वेळा वाचलं. विमल माझ्याकडे बघत राहिली. मग तिने डाव्या हाताने कागद उचलला आणि उलटा करून ठेवला.

समजत नसावं, दुसरं काय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अकोला. मॅडमनी विचारलं, "काकूंना गाणी आवडतात?"

"आवडतात म्हणजे! गाण्यांचे सिनेमे पाहूनच तर जन्म गेला तिचा."

"मग त्यांच्या आवडीची चार-पाच गाणी सांगा."

मला एक सांगता येईना. बेचाळीस वर्षांचा संसार आणि एक गाणं सांगता येईना. मॅडम पेन धरून थांबल्या होत्या. विमल खिडकीबाहेर बघत होती.

आता इथे खरं कारण लिहितो. मी विमलबरोबर शेकडो सिनेमे पाहिले, पण गाणं एकही नाही. गाणं लागलं की मी बाहेर. लग्न झालं त्या वर्षापासूनची शिस्त. सतार-बितार वाजायला लागली की उठायचं, व्हरांड्यात अर्धा चहा घ्यायचा, पोस्टरं वाचायची, आणि आत शांत झालं की परत यायचं. थिएटरचा गेटकीपर मला ओळखायचा. मी बाहेर आलो की म्हणायचा, "लागलं वाटते गानं, सायेब."

मला त्या माणसांचं काही वाटतच नाही, त्याला मी काय करू? नायक बँकेत कारकून असतो, चांगला माणसासारखा बोलत असतो, आणि बापाने घराबाहेर काढलं की टेकडीवर जाऊन हात पसरून गातो. अरे, आधी भाड्याची खोली बघ! नायिकेच्या पत्राला उत्तर येत नाही, तर ती गाते. दुसरं पत्र टाकावं ना. जे दोन वाक्यांत सांगून मोकळं व्हावं त्यासाठी सहा मिनिटं, आणि मागे अनोळखी वीस जण नाचत असतात ते वेगळेच. कोर्टात एखादा साक्षीदार असं करायला लागला तर साहेबांनी त्याला बाहेर बसवलं असतं.

परत आलो की विमल कुजबुजून सांगायची, "तुमी बाहीर गेले अन् इकडं त्यायचं लगन झालं बापा!" मी म्हणायचो, कधी झालं, आत्ता तर भांडत होते. ती म्हणायची, "गान्यात झालं. सगळं गान्यातच होते. तुमाले कसं कयन?" आणि हसायची.

मॅडमनी गृहपाठ दिला. आठवड्यातून एक गाण्यांचा सिनेमा दोघांनी मिळून पाहायचा. पूर्ण. मी म्हटलं बरं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज अक्षर नीट येणार नाही.

दुपारी सिनेमा लावला. तिच्या तरुणपणचा, धरणावरच्या इंजिनियरची मुलगी आणि लाँच चालवणारा. पहिल्या गाण्याला मी सवयीने स्वयंपाकघरात गेलो आणि चहा टाकला. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. टीव्हीचा नव्हे, विमलचा.

ती गात होती. शब्दांसकट. अख्खं कडवं, एकही शब्द न चुकता, पूर्वीच्या स्वच्छ आवाजात. जिला महिनाभर "पाणी" म्हणता आलं नाही ती नदी, पैलतीर, चांदणं असले शब्द घडाघडा म्हणत होती. मी चिमटा हातात धरून दारात उभा राहिलो. वाटलं, हिच्या आत दुसरंच कोणी येऊन बसलं आहे. गाणं संपलं, मी धावत जाऊन म्हटलं, "विमल! बोल! पाणी म्हण!"

"बापा," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी चहा आणायला आत गेलो.

मॅडमना फोन केला. त्या आनंदाने म्हणाल्या, "हेच तर हवं होतं!" त्यांचं बरोबर असेल. पण मला त्या आवाजाची भीती वाटली ती वाटलीच. मुलीला, माधवीला, नाशिकला कळवलं नाही. उगाच तिला घोर.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

प्रगती नाही. वाक्य एक ते चाळीस, रोज दोन वेळा. मी वाचतो, ती ऐकते, वाक्य क्रमांक सात-आठपर्यंत तिचं लक्ष उडालेलं असतं. मग ती काहीतरी गुणगुणते. शब्द नसलेलं, नुसतं हूं हूं. ते सुरू झालं की मला तिथे बसवत नाही. त्या दिवशीची आठवण होते. मग मी काहीतरी काम काढून उठतो. काम घरात खूप असतं.

आज मॅडमनी स्वतः करून दाखवलं, हात धरून, ठेक्यावर. विमलने त्यांच्याबरोबर "पा-णी" म्हटलं. सुरात, पण म्हटलं! मला वाटलं, चला, सुटलो. परतीच्या गाडीत बसल्याबरोबर मी तेच वाचून दाखवलं. "बापा."

म्हणजे मॅडमशी बोलते. माझ्याशी नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत मी हाच विचार करत होतो, आणि तो विचार झटक्याच्या भीतीपेक्षा वाईट होता.

५ मार्च, बुधवार

नसीमबानो दुपारी येऊन बसते, शफीची बायको. एरवी मोहल्ल्यातल्या पोरांना कुराण वाचायला शिकवते, सध्या रोजे आहेत म्हणून शिकवणीची वेळ बदलली आहे. मी बँकेच्या कामाला जाऊन आलो तर दारातच तिने मला अडवलं.

"भाऊ, वहिनी बोलली माह्याशी!"

मी चप्पल न काढता आत गेलो. नसीमबानोने पलंगावर बसून विमलचा डावा हात मांडीवर घेतला, तिला पोरांना शिकवायची सवय आहे तशी डुलत डुलत ठेका धरला आणि म्हणाली, "चा-य घे-तं का-व वि-म-ल?"

विमल तिच्याबरोबर डुलली. "घे-तो." आणि मग, कोणी न शिकवता, कुठल्याही यादीत नसलेलं: "तू-बी घे."

"अवो, रोजा हाय ना माहा!" नसीमबानो हसत सुटली. विमलसुद्धा हसली, वाकड्या तोंडाने, पण आवाज करून. उपवास करणाऱ्या बाईला चहा पाजायला निघाली म्हणून स्वतःवरच हसली. म्हणजे तिला रोजा कळतो, गंमत कळते, सगळं कळतं.

मी यादी आणायला धावलो. नसीमबानोने ती पाहिली, मराठी तिला चांगलं वाचता येतं, आणि म्हणाली, "भाऊ, रागावू नका. हे तं दवाखान्याच्या बोर्डावर लिवल्यासारखं हाय. पानी, गोयी, संडास. वहिनीले एवढंच सांगाचं असन का तुमाले?"

"मग आणखी काय सांगायचं असणार?"

"मले काय मालूम? तुमी तिचे नवरे," ती म्हणाली, आणि शिकवणीची वेळ झाली म्हणून गेली.

मी बराच वेळ विचार केला. एक्केचाळिसावं वाक्य म्हणून "आज वार कोणता आहे?" हे घातलं.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. आज जे झालं ते लिहिण्याआधी दोनदा पाणी प्यालो.

दुपारी चारला विमल पेपर चाळत बसली होती. पेपर खाली पडला. मी उचलायला वाकलो आणि वर पाहिलं तर तोंड पुन्हा वाकडं, नजर स्थिर. मी म्हटलं, "विमल, काय होतंय?" तिने तोंड उघडलं. काहीच नाही. "बापा"सुद्धा नाही. तो एक शब्दही गेला. मी तिला हलवत होतो, "बापा म्हण, विमल, बापा म्हण," असं ओरडत होतो. माझ्या ओरडण्याने शफी आणि नसीमबानो धावत आले. रिक्षातून दवाखान्यात. बाहेर पोरं होळीसाठी लाकडं ओढून नेत होती, रस्ता सोडेनात, शफीने त्यांना शिव्या घातल्या.

दवाखान्याच्या दारात तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बापा."

पंचवीस मिनिटं वाचा पूर्ण गेली होती. डॉक्टर म्हणाले, हा मोठा झटका नव्हता, इशारा होता. आणखी तपासण्या करायच्या.

१६ मार्च, रविवार

मानेतली डावीकडची मोठी नस, मेंदूला रक्त नेणारी, ऐंशी टक्के बंद आहे. ती उघडून साफ करावी लागेल. नागपूरला. २५ला भरती व्हायचं, २६ला सकाळी शस्त्रक्रिया. नाही केली तर पुढचा झटका कधीही. केली तर? डॉक्टर म्हणाले, शंभरात तीन-चार जणांना ती करतानाच झटका येतो. तेव्हा जे उरलं आहे तेही जाऊ शकतं.

"तुम्ही त्यांना समजावून सांगा. अंगठा त्यांचाच लागणार," ते म्हणाले.

मी माधवीला सांगितलं, ती २५ला थेट नागपूरला येणार होती, पण तिच्या मुलीला कांजिण्या झाल्यात, सव्वीसच्या संध्याकाळपर्यंतच पोचेल. विमलला सांगितलं नाही. सांगून काय होणार? आधीच तिचा जीव एवढासा झालेला. तिला विचारता येणार नाही, रडता आलं तरी का रडते ते सांगता येणार नाही. आदल्या दिवशी "तपासणीला जायचं" म्हणून नेईन. फाईल कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे.

१८ मार्च, मंगळवार

अकोल्याला न जाता फोनवर शिकवणी घ्या म्हटलं, पण विमलच चप्पल घालून दारात बसली. गेलो.

तासाच्या मध्येच ती गुणगुणायला लागली आणि मी प्यायचं पाणी भरून आणायला उठलो. मॅडम म्हणाल्या, "काका, बसा."

"बाटली रिकामी..."

"भरलेली आहे. आज तिसऱ्यांदा उठताय तुम्ही. काकूंनी आवाज काढला की तुम्ही उठता. घरीही असंच होतं का?"

मॅडम रागावल्या नव्हत्या, त्याचंच जास्त लागलं. "काका, शब्द सापडत नाहीत तेव्हा त्या सुरापासून सुरुवात करतात. त्या गात नाहीयेत. त्या तुम्हाला हाक मारताहेत, आणि तुम्ही खोलीतून निघून जाता."

मी विमलकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. किती दिवस बघत होती कोण जाणे. दीड महिना मी लिहीत बसलो की ही माझ्याशी बोलत नाही.

निघताना मॅडमनी हळूच विचारलं, "शस्त्रक्रियेचं सांगितलंत का त्यांना?" मी नाही म्हटलं. "सगळं समजतं त्यांना." मी म्हटलं, "म्हणूनच."

२० मार्च, गुरुवार

आज सिनेमा पूर्ण पाहिला. नऊ गाणी. एकदाही उठलो नाही.

खोटं लिहिणार नाही. मला अजूनही त्यातल्या कोणाचं काही वाटलं नाही. मुलगी बागेत पळते, झाडाआडून बघते, मुलगा सूटबूट घालून बर्फात लोळतो. गाडी चुकेल म्हणून मुलगी जिवाच्या आकांताने स्टेशनवर आली आणि फलाटावर उभी राहून गायला लागली, तेव्हा माझ्या तोंडून गेलंच, "अगं बाई, आधी चढ!" विमल खुदकन हसली.

पण मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहत होतो. गाडी सुटल्यावर त्या मुलीचं गाणं आलं तेव्हा विमल रडत होती. सिनेमात रडतात तसं नाही. तोंड मिटून, डावी मूठ आवळून. बेचाळीस वर्षांत शेजारच्या खुर्चीवर हे चालत असताना मी बाहेर अर्धा चहा पीत होतो.

गाणं संपल्यावर ती हूं हूं करू लागली. मी बसून राहिलो. ती माझ्याकडे बघून तेच तेच दोन सूर काढत होती, वर आणि खाली. मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "पाणी?" नाही. "गोळी?" नाही. "पंखा?" तिने डोळे मिटून घेतले. मी बसलो होतो, तरी उपयोग झाला नाही.

कपाटातली फाईल आज पलंगाजवळच्या स्टुलावर होती. नसीमबानोने झाडताना काढली असेल. पुन्हा वर ठेवली.

२२ मार्च, शनिवार

फाईल आज माझ्या खुर्चीवर होती. नसीमबानोला विचारलं. "मी काहाले हात लावू तुमच्या कागदाले?" ती म्हणाली.

मग मी बसलो. म्हणजे फाईल विमलनेच काढली, आणि वाचली. त्या खणापर्यंत डाव्या हाताने पोचायला विमलला स्टुलावर चढावं लागलं असेल. दोनदा. पडली असती तर!

२३ मार्च, रविवार

सकाळी दहाला, देवपूजा झाल्यावर, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. ठरवलं होतं, साध्या शब्दांत सांगायचं. वाक्यं मनात तयार होती, चारच.

"विमल, मंगळवारी आपल्याला," म्हटलं आणि आवाज गेला. खाकरलो. "मंगळवारी आपल्याला," पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तर तोंडच उघडेना. छत्तीस वर्षं मी खुनाच्या, जळिताच्या साक्षी हात न थांबवता उतरवल्या. आणि इथे चार वाक्यं.

तिने डावा हात पुढे केला. मी धरला. बोटं आपोआप तिच्या पंजावर आपटायला लागली, मॅडम करतात तशी. आणि माझ्या तोंडून निघालं, बेसूर, घोगरं, ऐकणाऱ्याला हसू यावं असं:

"नाग-पूर-ले जा-चं हाय."

ती हसली नाही. माझ्या बोटांबरोबर तिची मान हलत होती.

"मा-ने-ची नस बंद हाय."

तिच्या घशातून तो सूर आला, वर, खाली. या वेळी त्यामागे शब्द चालत आले. एकेक.

"मा-हित हाय."

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा बंद पडलो असतो. कापणार, उघडणार, शंभरातले चार, सगळं गाऊन सांगितलं. असं बोलणं मी आयुष्यात कोणापुढे केलं नाही. खिडकी उघडी होती, रस्त्यावर भाजीवाला उभा होता, त्याने ऐकलं असणार. सांगून झाल्यावर नुसता ठेका राहिला. मग तिचे ओठ जुळले, सुटले, परत जुळले.

"म-ले भेव ला-ग-ते."

पावणेदोन महिने माझ्या भीतीने ही वही भरत आणली. एक्केचाळीस वाक्यं टाईप केली. त्यात तिला तहान होती, भूक होती, झोप होती. भीती मी तिला दिलीच नव्हती. सगळी मीच ठेवून घेतली होती.

"म-ले-बी," मी म्हटलं. "म-ले-बी, वि-म-ल."

मग आम्ही दोघं तेवढंच म्हणत बसलो. तिने म्हटलं की मी, मी म्हटलं की ती. नसीमबानो दारात आली होती, ती आत न येता तशीच परत गेली.

२६ मार्च, बुधवार. नागपूर.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे.

सकाळी साडेसातला मोठे डॉक्टर आले, बरोबर चार शिकाऊ. कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, "यांना कल्पना दिली आहे ना? तयार आहेत ना त्या?"

मी म्हटलं, "त्यांनाच विचारा. फक्त घाई करू नका."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, पण थांबले. मी तिचा हात घेतला, ठेका धरला. ती सुरात म्हणाली, पाच अनोळखी माणसांसमोर, मोठ्याने, "म-ले भेव ला-ग-ते." एका शिकाऊ पोरीला हसू आलं, तिने तोंड फिरवलं. मला कोणाची लाज वाटली नाही. ठेका सोडला नाही. मला वाटत होतं आता ती नाही म्हणेल, आणि नाही म्हटली तर मी तिला परत अमरावतीला घेऊन जाईन, जे व्हायचं ते होवो. मनातून मला तेच हवं होतं.

"त-री क-रा," ती म्हणाली.

मग अंगठा लावला. आत नेताना तिने माझा हात स्वतः सोडला.

साडेआठ झाले. तीन तास लागतील म्हणाले. लाल दिवा लागलेला आहे. मला बसवत नाही, उभं राहवत नाही. प्रत्येक वेळी दार उघडलं की पुढे होतो. बाहेर चहावाला आहे, मी गेलो नाही.

नऊला माधवीचा फोन आला. घाईघाईने बोलत होती, गाडीने भुसावळ सोडलं म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, आई जाताना काही बोलली का?"

बोलली, म्हटलं. काय बोलली, तिने विचारलं. मी सांगायला गेलो आणि साध्या आवाजात ते येईना. म्हणजे शब्द येत होते, पण ते तिचं बोलणं वाटत नव्हतं, कोणाचंतरी निवेदन वाटत होतं. बाकावर बाजूला एक म्हातारा आणि त्याची सून डबा उघडून बसले होते. मी फोन कानाला लावला, मांडीवर बोटं आपटली आणि विमल म्हणाली तसंच म्हटलं, दोन सुरांत, शेवटपर्यंत. म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला.

पलीकडे गाडीचा खडखडाट ऐकू येत होता. माधवी रडत होती.

"बाबा," ती म्हणाली, "परत म्हणा."

मी परत म्हटलं.